बोगदा तिथंच, लोकल गेली

भिवंडीला रेल्वे स्टेशन आहे, हे खुद्द भिवंडीकरालाच अधूनमधून आठवून द्यावं लागतं. ठाण्याला जायचं तर बस किंवा शेअर रिक्षा, कल्याणला जायचं तर कोनगावावरून पुन्हा तेच. अंजूरफाट्याजवळचं भिवंडी रोड स्टेशन गावापासून जरा अंग चोरूनच उभं आहे. वसई–दिवा मार्गावरच्या मेमू गाड्या मोजक्या. एक चुकली की दुसरीची वाट बघण्यात सकाळ जाते. माणसांपेक्षा इथं मालाची वर्दळ जास्त. २०२० नंतर याच स्टेशनातून पार्सल गाड्या निघू लागल्या, त्या पार पश्चिम बंगालातल्या सांकराईलपर्यंत आणि आसामातल्या आझरापर्यंत. गोदामांच्या या तालुक्यानं रेल्वेशी नातं जोडलं ते असं, खोक्यांमार्फत.

अशा गावात रेल्वेचं वेड लागलेला पोरगा निघावा हे नवलच. तो पद्मशाली घरातला. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. आजोबा यंत्रमागावर होते, वडीलही. हा दिवसा गोदामात स्कॅनर घेऊन खोकी मोजतो आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांचे फोटो काढतो. इंजिनाचा नंबर वाचून ते कुठल्या शेडचं, हे तो सांगतो. नेहमीच्या इंजिनाऐवजी भलतंच इंजिन लागलेली गाडी दिसली की ‘ऑफलिंक, ऑफलिंक!’ म्हणून ओरडतो. ही त्याच्या मंडळींची बोली. भारतात हे वेड नवं नाही. इंडियन रेल्वेज फॅन क्लब १९८९ पासून आहे. आता मात्र फोन हातात आल्यामुळे कॅमेरा परवडत नाही ही सबब उरलेली नाही.

पारसिकच्या बोगद्याचा विषय निघाला तो त्याच्या फोनमधल्या एका चित्रफितीवरून. २०२२ च्या जानेवारीतली. फास्ट लोकलच्या दारातून घेतलेली, हात हललेला. आधी कळव्याच्या कारशेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्या, मग दोन्ही बाजूंनी उंच होत जाणारा डोंगराचा कापीव कातळ, मग एकदम काळोख. चित्र जातं आणि आवाज उरतो. चाकांचा खडखडाट भिंतींवर आपटून दुप्पट झालेला, आणि त्याच्यावर डब्यातल्या पोरांच्या शिट्ट्या. कुणीतरी ओरडतं, ‘बोगदाऽऽ!’ पलीकडून प्रकाशाचा ठिपका मोठा होत येतो, गाडी बाहेर पडते, आणि चित्रफीत संपते.

‘सर, हे आता पुन्हा नाही मिळणार,’ तो म्हणाला.

बोगदा कुठंच गेलेला नाही. तो पाडलेला नाही, बुजवलेला नाही, त्यातून गाड्याही जातात. गेली ती फक्त लोकल. एवढ्या एका गोष्टीसाठी एखाद्यानं सुट्टी घालवावी का, हे बघायलाच मी त्याच्याबरोबर निघालो.

मेमू भिवंडी रोड सोडते आणि लगेचच गोदामांच्या निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची रांग लागते. मग भातशेतीचे उरलेसुरले तुकडे, मग उल्हासच्या खाडीवरचा पूल. पुढं कोपर. वरच्या फलाटावर मेमू थांबते आणि खालून मध्य रेल्वेची मुख्य वाट आडवी जाते. हौशी छायाचित्रकाराला फुकटात मिळालेला हा सज्जाच म्हणायचा. खालून स्लो जाते, फास्ट जाते, त्यांच्या पलीकडून पुण्याची नाहीतर नाशिकची एक्स्प्रेस. आमचा सोबती दारात उभा राहून भराभर फोटो घेत होता आणि एकेकीची कुंडली सांगत होता.

दिव्याला उतरून स्लो लोकल धरायची. दिवा हे जंक्शन म्हणून जुनं, पण इथल्या लोकांना फास्ट लोकलचा थांबा मिळायला २०१६ उजाडलं. त्याआधी २०१५ च्या जानेवारीत इथल्या प्रवाशांचा संताप रुळांवर उतरला होता. तो दिवस मुंबईकर नोकरदार अजून विसरलेला नाही. दिव्याचा फलाट अजूनही अरुंदच वाटतो, गाड्या कितीही वाढल्या तरी.

आता थोडा भूगोल सांगायला हवा, नाहीतर पारसिकचं महत्त्व कळणार नाही. ठाणे आणि कल्याण यांच्यामध्ये पारसिकचा डोंगर आडवा पसरलाय. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यापर्यंतच आली, याचं एक कारण पुढं खाडी आणि खाडीपुढं हा डोंगर होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली यानं डोंगराशी थेट कुस्ती टाळली. खाडीवर पूल बांधला, रूळ डोंगराच्या पायथ्यानं पाण्याच्या काठाकाठानं वळवत नेले आणि जिथं कातळाचं नाक पुढं आलं होतं तिथं छोटे बोगदे काढले. १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली. खाडीवरच्या त्या पुलाचं १८५५ मधलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. रेल्वे आली, तिच्या मागोमाग दोन वर्षांत कॅमेराही आला. म्हणजे आमच्या या पोराचं घराणं बरंच जुनं आहे.

साठ वर्षं सगळी वाहतूक त्या काठाकाठाच्या वळणदार वाटेनं झाली. मेल, मालगाडी, साधी पॅसेंजर, सगळ्या एकाच जोडरुळांवर. गर्दी वाढली तशी आणखी एक जोडी हवी झाली आणि या वेळी डोंगर सरळ भेदायचं ठरलं. पारसिकचा सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा १९१६ मध्ये खुला झाला. युरोपात महायुद्ध चालू होतं, जगभर पोलाद आणि माणसं दोन्ही तिकडे खेचली जात होती, आणि इथं ठाण्याच्या पूर्वेला दोन गाड्या शेजारी शेजारी जातील एवढं भोक डोंगराला आरपार पडत होतं. पुढं विजेच्या गाड्या आल्या, १९३० मध्ये डेक्कन क्वीन आली, आणि फास्ट लोकल म्हणजे बोगदा व स्लो लोकल म्हणजे कळवा-मुंब्रा अशी वाटणी ठाणे-डोंबिवलीकरांच्या अंगवळणी पडली.

अंगवळणी म्हणजे किती? ठाणे सुटलं की भजनी मंडळाचा टाळ क्षणभर थांबायचा, कारण बोगद्यात आवाज लागत नाही. फोनवर बोलणारा ‘बोगदा आला, ठेवतो’ म्हणायचा आणि पलीकडच्याला आणखी काही सांगावं लागायचं नाही. दारात उभे असलेले आत सरकायचे. खिडकीशी बसलेली बाई खिडकी ओढून घ्यायची, कारण बोगद्याच्या डोक्यावर वस्ती आहे आणि वरून काय पडेल याचा नेम नसायचा. कचरा, माती, कधी भिंतीचा दगड. पावसाळ्यात बोगद्याच्या तोंडाशी माती आणि राडारोडा येण्याच्या बातम्या ठाण्याच्या वाचकाला पाठ आहेत. डोंगरावर घरं चढत गेली आणि शंभर वर्षांच्या दगडी कामावर त्यांचं पाणी झिरपत राहिलं. यात दोष वस्तीचा की वस्तीला दुसरी जागा न देणाऱ्यांचा, हा वाद लोकलच्या डब्यात बोगदा संपेपर्यंत मिटत नसे.

मग आल्या पाचव्या-सहाव्या मार्गिका. कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत मेल-एक्स्प्रेससाठी वेगळे रूळ हवे होते, म्हणजे लोकलला मागं रेटून एक्स्प्रेस पुढं काढावी लागणार नाही. त्यातला ठाणे–दिवा हा सर्वांत अवघड तुकडा. एकीकडं खाडी, दुसरीकडं डोंगर, मध्ये दाट वस्ती. काम वर्षानुवर्षं रखडलं. शेवटी सुमारे ६२० कोटी रुपये, १.४ किलोमीटरचा रेल्वे उड्डाणपूल, तीन मोठे आणि २१ छोटे पूल एवढ्यावर ते पुरं झालं. १८ फेब्रुवारी २०२२ ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून त्याचं उद्घाटन केलं. तत्पूर्वी जानेवारी-फेब्रुवारीत लांबलचक ब्लॉक घेऊन रूळ जोडले गेले. शेवटचा ब्लॉक ७२ तासांचा होता.

ही जोडणी कशी झाली, तीच गंमत आहे. नवे रूळ एक्स्प्रेसला मिळतील असं सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात नवे रूळ खाडीकडच्या बाजूला लोकलसाठी आले, काठाच्या वाटेवर स्लो आणि फास्ट दोघींची सोय झाली, आणि पारसिकचा जुना बोगदा सबंधच्या सबंध मेल-एक्स्प्रेसला देऊन टाकला. कागदावर हे अगदी रास्त आहे. लांब पल्ल्याची गाडी सरळ जावी, लोकल लोकलच्या वाटेनं जावी. पण त्यामुळे एकशेसहा वर्षांच्या बोगद्यातून रोज ये-जा करणारी माणसं एका आठवड्यात बाहेर पडली.

म्हणून त्या जानेवारीत फोन बाहेर निघाले. ठाण्याहून सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये एरवी पेंगणारी माणसं कळवा कारशेड आलं की हात वर करून फोन धरू लागली. आमचा सोबती भिवंडीहून मुद्दाम त्यासाठी ठाण्याला जायचा. फास्ट पकडायची, डोंबिवलीला उतरायचं, परतीची फास्ट पकडायची. ‘दारातली चित्रफीत म्हणजे लोकांच्या खांद्यांचीच जास्त,’ तो हसत म्हणाला. आज त्याचा जो फोटो मला सर्वांत आवडला त्यात बोगदा नाहीच. डब्यातला एक म्हातारा प्रवासी आहे, खिडकीच्या गजाला नाक लावून पुढं बघतोय, आणि त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत बोगद्याच्या तोंडाची प्रकाशाची कमान आलीये.

मुंब्र्याला उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. पारसिकच्या अंगावरून पाण्याच्या धारा सुटलेल्या, कातळावर लोखंडी जाळ्या ठोकलेल्या, त्यांच्यातून हिरवं गवत बाहेर आलेलं. डोंगराच्या खांद्यावर मुंब्रादेवीचं देऊळ पांढरं ठळक दिसतं. त्याच्या पायऱ्या दमवतात, पण छायाचित्रकारानं चढाव्याच. कारण रुळांवर उतरून फोटो काढणं हा गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम आमच्या सोबत्यानं मला पाठ म्हणून दाखवलं. त्यांच्या मंडळींत नव्या पोरांना आधी हे शिकवतात, मग लेन्स. बोगद्याच्या तोंडाशी जाऊन सेल्फी काढणाऱ्यांवर त्याचा विशेष राग. ‘त्यांच्यामुळे आम्हाला फलाटावरूनसुद्धा हाकलतात.’

देवळाच्या वाटेवरून खाली बघितलं की सगळा इतिहास एका नजरेत मावतो. रेतीबंदरचा काठ, तिथं एके काळी रेती उपसणाऱ्या होड्या लागत. काठाला चिकटून १८५४ ची वाट आणि तिच्याजवळच २०२२ चे रूळ. मागं जुना मुंबई–पुणे रस्ता, ट्रकांनी भरलेला. खाडीपलीकडं दिसतात ती काल्हेर-कशेळीकडची गोदामं, म्हणजे पुन्हा भिवंडीच. दीड तास गाड्या बदलत आलो ते गाव पाण्याच्या पलीकडं हाकेच्या अंतरावर. आणि जो बोगदा बघायला आलो तो मात्र पायाखालच्या डोंगराच्या पोटात. वरून त्याचा पत्ताही लागत नाही.

तिथून त्यानं मला बोगद्याच्या फोटोचं तंत्र समजावलं. ते सांगण्याजोगं आहे. बोगद्याचं तोंड म्हणजे कॅमेऱ्याची फजिती करायची हमखास जागा. बाहेर लख्ख ऊन, आत मिट्ट काळोख. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो एकतर कमान दुधासारखी पांढरी करतो नाहीतर इंजिनाचा चेहरा बुडवतो. शिवाय गाडी आतून येते ती हेडलाइट लावून, तो थेट भिंगात. म्हणून उजेड मोजायचा दगडी कमानीवर, हेडलाइटवर नाही. फोकस आधीच रुळाच्या एका ठरलेल्या बिंदूवर पक्का करून ठेवायचा. इंजिनाचा पुढचा तुकडा सावलीतून बाहेर आणि डबे अजून आत, असा अर्ध्या सेकंदाचा क्षण असतो, तो गाठायचा. आधी दाबलं तर नुसता दिवा, उशिरा दाबलं तर नुसती एक्स्प्रेस, बोगदा कुठला ते कळतच नाही. ठाण्याकडचं तोंड वायव्येला, म्हणून तिथं दुपार कलल्यावरचं ऊन बरं. पावसाळ्यात तोंडाशी धुकं साचलं तर हेडलाइटचा झोत दिसतो. त्यासाठी माणसं भिजत उभी राहतात.

मी विचारलं, लोकल नाही तर मग फोटो कशाचे? त्यानं फोन पुढं केला. फेब्रुवारी २०२३ पासून धावणाऱ्या सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत. डेक्कन क्वीन, तिचे २०२२ मध्ये बदललेले नवे डबे. दोन्ही टोकांना इंजिनं लावून कसारा घाट चढणारी राजधानी. एकेक फोटो देखणा, लोकलच्या धुरकट चित्रफितीपेक्षा कितीतरी सरस. आणि तरी तो स्वतः परत परत त्या हललेल्या चित्रफितीकडेच येत होता. मला त्याचं पटलं. वंदे भारतचा फोटो हा वंदे भारतचा असतो. लोकलची चित्रफीत ही त्या डब्यातल्या माणसांची होती.

जे जाणार ते टिपून ठेवायची ही हौस मुंबईच्या रेल्वेला गेली काही वर्षं भरपूर पुरलीये. भायखळा आणि सँडहर्स्ट रोडच्या दरम्यानचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये उतरवला, तेव्हा रात्रीच्या ब्लॉकमध्ये लोक गच्च्यांवर चढून बघत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हार्बरवरची १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर धावणारी शेवटची लोकल गेली. तिला निरोप द्यायला दर्दी मंडळी मध्यरात्री हजर. नोव्हेंबर २०२२ मध्ये मशीद बंदरजवळचा कर्नाक पूल २७ तासांच्या ब्लॉकमध्ये पाडला. त्याच्या जागी झालेला पूल २०२५ मध्ये ‘सिंदूर’ या नावानं खुला झाला. खंडाळ्याच्या अमृतांजन पुलाला मात्र असा निरोप लाभला नाही. द्रुतगती मार्गावर कोंडी करणारा तो दगडी पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून पाडला. बघायला कुणाला घराबाहेर पडायचीच मुभा नव्हती.

बोगदा पाडणं ही तर आणखी वेगळी गोष्ट. पूल उचलता येतो, बोगदा कसा पाडणार? तर वरचा डोंगर खरवडून काढतात आणि बोगद्याची खिंड करतात. अमेरिकेत सीएसएक्स कंपनीनं नॅशनल गेटवे प्रकल्पात पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांतले काही जुने बोगदे असे उघडे केले, कारण एकावर एक दोन कंटेनर ठेवलेली गाडी जुन्या छताखालून जात नव्हती. आपल्याकडं दुमजली कंटेनरसाठी जुन्या छतांना हात न लावता समर्पित मालवाहतूक मार्ग नव्यानंच टाकला. विजेची तार उंच आणि बोगदेही प्रशस्त. जानेवारी २०२१ मध्ये हरियाणा-राजस्थानात अशी पहिली विजेवरची दुमजली गाडी धावली. वैतरणेहून न्हावाशेव्याच्या बंदराकडं येणारा त्याच मार्गाचा तुकडा भिवंडी तालुक्यातल्या खारबावजवळून जातो. तिथं आमच्या सोबत्याची जागा आधीच हेरून झालेली आहे.

बोर घाटाची कथा तर मराठी वाचकाला ठाऊकच आहे, पण तिच्यातल्या एका बाईचा उल्लेख इथं करायलाच हवा. घाटातली मूळ वाट पंचवीस बोगद्यांची, आणि कामगार तिथं हजारोंनी मेले. पटकी, हिवताप, सुरुंग, कडे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात उतरला आणि काही दिवसांतच दगावला. त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट सोडलं नाही. अभियंत्यांच्या मदतीनं काम तडीस नेलं आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. या कामाच्या छायाचित्रांचा एक संग्रह तिच्या नावानं ओळखला जातो. नुसते उघडे कडे, अर्धवट कमानी, पालं. त्यांतला बराच भाग आज पाहायलाही मिळणार नाही, कारण जिथं गाडी थांबून इंजिन उलट्या बाजूला लावावं लागे ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नव्या वाटेमुळे निकामी झालं. वापर बदलला की जागा हरवते. पारसिकचं तसं होणार नाही. एक्स्प्रेस आहेत तोवर त्याची डागडुजी होत राहील.

काठाची वाट मात्र लोकलवाल्यांना महाग पडते आहे. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून रुळांवर पडले. चौघं त्याच दिवशी गेले. त्यानंतर साध्या लोकलला बंद होणारी दारं बसवायची घोषणा झाली. या अपघाताचा आणि बोगदा सुटल्याचा थेट संबंध जोडणं घाईचं ठरेल. गर्दी हेच मूळ कारण, आणि ती बोगद्यातही होतीच. पण मुंब्र्याच्या फलाटावर उभं राहून वळणावर कललेली फास्ट बघितली, दारांतून बाहेर आलेल्या पाठी आणि पिशव्या बघितल्या, की बर्कलीनं १८५४ मध्ये वाफेच्या छोट्या गाड्यांसाठी आखलेली ही वाट आज काय वाहतेय हे पोटात जाणवतं. आमच्या सोबत्यानं तिथं एकही फोटो काढला नाही.

पारसिकच्या पोटाला अजून उसंत नाही. ऐरोली–काटई रस्त्यासाठी मोटारींचे बोगदे त्यातून निघालेत. आणि मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा याच डोंगराखालून येतो. त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालचे. बोगदा सर्वांत खोल आहे तोही खाडीखाली नाही, पारसिकखाली, डोंगरमाथ्यापासून सुमारे ११४ मीटर. घणसोली आणि शिळफाटा यांच्यामधला जवळपास पाच किलोमीटरचा तुकडा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. पुढं ही गाडी दिव्याजवळच्या म्हातार्डीला थांबून उल्हास ओलांडणार, आणि तिचा डेपो भिवंडी तालुक्यातल्या अंजूर-भरोडीच्या शिवारात. ज्या गावाला आपलं स्टेशन धड आठवत नाही, त्याच्या दाराशी देशातली सर्वांत वेगवान गाडी मुक्कामाला येणार.

म्हणून परतताना वाट वाकडी करून शिळफाट्याला गेलो. पत्र्याची उंच भिंत, आत क्रेन, गेटवर छत्री लावून बसलेला वॉचमन.

‘फोटो मना है,’ तो म्हणाला.

‘भाऊ, फक्त तोंड बघायचंय,’ आमचा सोबती.

‘तोंड काय बघायचं? गाडी आली की बघ.’

वॉचमन मूळचा जळगावकडचा निघाला. मराठीत बोलल्यावर त्यानं खुर्ची पुढं सरकवली, पण फोटो नाहीच. आमच्या सोबत्यानं हुज्जत घातली नाही. रस्त्यापलीकडच्या चाळीचा तिसरा मजला, तिथल्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी आणि पत्र्याच्या भिंतीची उंची त्यानं नजरेनं मोजली. मग खाली किराणा दुकानात जाऊन दोन बिस्किटाचे पुडे घेतले आणि दुकानदाराला विचारलं, वरची गॅलरी कुणाची?